जुन्या जीपची ऑफ-रोड गाडी बांधताय? एक्सल, कमान पाटे आणि आरटीओचा कागद : आधी हे समजून घ्या

कोल्हापूर : पावसाळा सुरू झाला की गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडी, चंदगडच्या लाल चिखलातून वाट काढणाऱ्या उंच जीपचे व्हिडिओ मोबाईलवर फिरू लागतात. मोठी टायर, वर उचललेली बॉडी, एक चाक दगडावर आणि दुसरं खड्ड्यात. ते बघून गावोगावच्या पोरांच्या डोक्यात एकच विचार येतो. घरामागं पडलेली जुनी जीप किंवा कुठून तरी स्वस्तात मिळणारी जिप्सी घ्यायची आणि अशीच गाडी बांधायची. कोल्हापुरात हे अवघडही वाटत नाही. शिवाजी उद्यमनगरात लेथ आहे, फिटर आहे, शिरोली-गोकुळ शिरगावला फाउंड्री आहेत आणि वडापच्या जीप दुरुस्त करून हात बसलेले मिस्त्री प्रत्येक तालुक्याच्या गावी आहेत.

काम होतंही. पण अर्धवट माहितीवर बांधलेली गाडी पहिल्याच उतारावर डगमगते, आडवी होते किंवा पोलिसांनी अडवल्यावर कायमची उभी राहते. लाखभर रुपये आणि कधी कधी हातपाय, दोन्ही पणाला लागतात. म्हणून कटर हातात घेण्याआधी या गोष्टी माहीत असायला हव्यात.

सलग एक्सल म्हणजे काय?

बैलगाडीचा आस आठवा. दोन्ही चाकं एकाच आडव्या दांड्यावर. एक चाक दगडावर चढलं की अख्खा आस तिरका होतो आणि दुसरं चाक खाली जमिनीकडे दाबलं जातं. जीपचा सलग एक्सल याच तत्त्वावर चालतो. फरक इतकाच की त्या दांड्याच्या पोटात क्राऊन-पिनियन आणि चाकं फिरवणारे शाफ्ट असतात. ट्रॅक्टरचा पुढचा एक्सलही मधल्या पिनवर असाच डुलतो, म्हणून बांध ओलांडताना चारही चाकं जमिनीला टेकून राहतात.

आजकालच्या बहुतेक गाड्यांना पुढं प्रत्येक चाकाचं सस्पेन्शन वेगळं असतं. हायवेवर ते सुखाचं. पण खडबडीत वाटेवर चाक वर गेलं की गाडीचं पोटही त्या बाजूला जमिनीजवळ येतं. सलग एक्सलमध्ये क्राऊनखालची जागा कमी होत नाही, कारण हाऊसिंग चाकांबरोबरच वर-खाली होतं. शिवाय भाग कमी, दुरुस्ती सोपी, आणि वाकलेलं हाऊसिंग उद्यमनगरात सरळ करून मिळतं. तोटा असा की सगळं वजन स्प्रिंगच्या खाली लटकतं, त्यामुळं वेगात गाडी धडधडते आणि एका चाकाचा धक्का दुसऱ्याला जातो. पन्नासच्या पुढं ही गाडी पळवायची नसते, हे बांधणाऱ्याने सुरुवातीलाच मनाशी ठरवलेलं बरं.

कुठली गाडी घ्यावी?

दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपला पुढं-मागं सलग एक्सल आणि कमान पाटे होते. तिचा व्हीलबेस अवघा ८० इंच. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांतच महिंद्राने तीच जीप मुंबईत जोडायला सुरुवात केली आणि पुढं सीजे-३बी, एमएम ५४०, एमएम ५५० अशी तिची पिढी वाढत गेली. १९८५ मध्ये आलेली मारुती जिप्सी वजनाने हलकी, तिलाही दोन्हीकडे सलग एक्सल आणि पाटे. २०२३ मध्ये आलेल्या जिम्नीला सलग एक्सलच आहेत, मात्र पाट्यांऐवजी कॉइल स्प्रिंग. २०२० च्या नव्या थारला मागं सलग एक्सल, पुढं मात्र स्वतंत्र सस्पेन्शन. थोडक्यात, कमी पैशात बांधायची तर हात पुन्हा जुन्या महिंद्रा जीपकडे किंवा जिप्सीकडेच वळतो.

इथं एक फसगत नेहमी होते. वडापला चालणाऱ्या कमांडरसारख्या बऱ्याच जीप टू-व्हील ड्राइव्ह होत्या. त्यांचा पुढचा एक्सल नुसता आडवा दांडा असतो, त्यात क्राऊन-पिनियन नसतो. "पुढचा एक्सल टाकला की फोर बाय फोर झाली" असं सांगणारे भेटतात, पण त्यासाठी ट्रान्सफर केस, पुढचा जॉइंट शाफ्ट, वेगळे नकल आणि बहुतेक वेळा चॅसिसवर नवे माउंटिंग लागतात. एवढ्या खर्चात मुळात फोर बाय फोर असलेली गाडी मिळू शकते.

घेताना गाडीखाली झोपूनच बघावी. चॅसिसला पाट्याच्या हँगरजवळ गंज किंवा जुनं वेल्डिंग आहे का, नकलमधून ग्रीस-ऑइल गळतंय का, चाक वर-खाली हलवल्यावर किंगपिन खडखडते का. चॅसिस नंबर आरसीवरच्या नंबरशी अंकन् अंक जुळला पाहिजे. त्या नंबरच्या आसपास ग्राइंडर, वेल्डिंग किंवा जाड रंग अजिबात नको. नंबर पुसट झाला की पुढची सगळी कागदपत्रं संशयात येतात.

कागद आधी, कटर नंतर

सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यातलं देवराष्ट्रे हे यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव. तिथल्या दत्तात्रय लोहार यांनी भंगारातले सुटे भाग जोडून मुलासाठी छोटी जीप बनवली. दुचाकीसारखी किक मारून चालू होणारी, डाव्या हाताचं स्टीअरिंग, खर्च सुमारे ६० हजार रुपये. डिसेंबर २०२१ मध्ये तिचा व्हिडिओ देशभर गाजला. आनंद महिंद्रा यांनी कौतुक करतानाच हेही लिहिलं की ही गाडी नियमात बसत नाही आणि आज ना उद्या प्रशासन ती रस्त्यावर चालू देणार नाही. त्या जीपच्या बदल्यात त्यांनी बोलेरो देऊ केली आणि जानेवारी २०२२ मध्ये ती लोहार कुटुंबाला मिळाली. व्हिडिओ सगळ्यांनी पाहिला, कौतुकाच्या मधलं ते नियमाचं वाक्य मात्र फार थोड्यांनी वाचलं. दर गाडीला बोलेरो मिळत नसते.

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार आरसीवर कंपनीने दिलेला जो तपशील आहे त्याच्याशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये केरळमधल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर आलेल्या कलम १८२-अ मध्ये बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. प्रत्येक बदलामागे, हे लक्षात घ्या. उचललेलं सस्पेन्शन, बदललेलं इंजिन, कापलेली बॉडी, प्रत्येकाची गणती वेगळी होऊ शकते. रंग बदलणे किंवा सीएनजी बसवणे अशा काही गोष्टी आरटीओकडून रीतसर आरसीवर चढवून घेता येतात. काय चालतं याची चौकशी कोल्हापूर आरटीओत आधी करावी, मिस्त्रीच्या तोंडी हवाल्यावर राहू नये. मिस्त्री चांगला असतो, पण दंडाची पावती त्याच्या नावाने फाटत नाही.

त्याहून मोठा धोका विम्याचा. न कळवता बदललेल्या गाडीचा अपघात झाला तर विमा कंपनी स्वतःच्या नुकसानीचा दावा नाकारू शकते. समोरच्या माणसाला इजा झाली किंवा जीव गेला तर भरपाईचा बोजा शेवटी मालकावर येण्याची शक्यता असते. असा दावा लाखांत जातो आणि शेतकऱ्याच्या घरात लाखांची वस्तू एकच असते, ती म्हणजे जमीन.

म्हणून अनुभवी लोक दोनपैकी एक वाट धरतात. गाडी रस्त्यावर चालवायची तर बदल किरकोळ ठेवायचे : मूळ मापाचे चांगले पाटे, चांगले शॉकअप, कंपनीच्या मापाजवळची टायर. किंवा पूर्ण बदललेली गाडी फक्त स्वतःच्या रानात आणि बंदिस्त स्पर्धेच्या मैदानात चालवायची, तिथवर ट्रक-टेम्पोवर चढवून न्यायची. गोव्यात २०१४ पासून भर पावसात होणाऱ्या रेनफॉरेस्ट चॅलेंजला अशा बदललेल्या जीप-जिप्सी उतरतात.

पाटे वर की खाली?

आता मुख्य काम. जुन्या जीपमध्ये आणि जिप्सीत कमान पाटे एक्सलच्या खालून बांधलेले असतात. ते एक्सलच्या वर घेतले की हाऊसिंगची जाडी आणि पाट्यांच्या थराची जाडी मिळून गाडी साधारण चार ते पाच इंच उचलली जाते. पाटे तेच, फक्त हाऊसिंगवर नव्या बैठका वेल्ड करायच्या. दिसायला स्वस्त आणि सोपं, म्हणून सगळ्यात जास्त हेच केलं जातं. आणि सगळ्यात जास्त चुकाही इथंच होतात.

पहिली चूक बैठकीच्या कोनाची. हाऊसिंग जरा फिरलं तरी पिनियनचं तोंड वर-खाली होतं. मागच्या जॉइंट शाफ्टला दोन साधे क्रॉस असतील तर ट्रान्सफर केसचं तोंड आणि पिनियनचं तोंड एकमेकांना समांतर हवं. नसेल तर गाडी ठराविक वेगाला थरथरते आणि क्रॉस महिन्या-दोन महिन्यांत जातात. म्हणून बैठका आधी फक्त टाक्यावर धरायच्या, गाडी पूर्ण वजनासकट चाकांवर उभी करायची, कोन मापायचा आणि मगच पक्कं वेल्डिंग. पुढच्या एक्सलला पेच आणखी आहे. पिनियन वर फिरवला की किंगपिनचा मागे झुकलेला कोन, ज्याला कॅस्टर म्हणतात, तो कमी होतो. स्टीअरिंग सुटल्यावर आपोआप सरळ यायचं बंद होतं. पुढं दोन्हीपैकी एक निवडायची वेळ आलीच तर कॅस्टरला मान द्यावा, शाफ्टची सोय नंतर बघता येते.

दुसरी गोष्ट, पाटे वर गेले की ते एक्सलला पूर्वीइतकं घट्ट धरत नाहीत. चढावर जोरात ॲक्सिलरेटर दिला की पाटे इंग्रजी एस अक्षरासारखे वळतात, पिनियन उसळतो आणि शाफ्ट तुटतो. त्यासाठी हाऊसिंगपासून चॅसिसपर्यंत एक टॉर्क रॉड द्यावा लागतो, आणि त्याचं चॅसिसकडचं टोक पाट्याच्या हालचालीला आडवं येणार नाही असं शॅकलवर ठेवावं लागतं.

तिसरी चूक गावठी पण फार लाडकी. गाडी उंच करायला पिकअपचा एखादा जाड पाटा थरात घालायचा. उंची मिळते, पण पाटे दगडासारखे कडक होतात. मग एक चाक खड्ड्यात गेलं की दुसरं खाली न येता हवेत राहतं आणि सलग एक्सलचा सगळा फायदा मातीत जातो. लवचिकपणा हवा तर पाटे लांब, पातळ आणि जास्त संख्येचे हवेत. जुने पाटे ठोकून कमान वाढवून देणारे कारागीर आहेत, पण नुसत्या ठोकलेल्या पाट्याची कमान काही दिवसांत पुन्हा बसते.

कॉइल स्प्रिंगवर जायचं असेल तर एक मूलभूत फरक ध्यानात ठेवावा. कमान पाटा दोन कामं करतो : वजन पेलतो आणि एक्सलला जागेवर धरतो. कॉइल फक्त वजन पेलते. एक्सल पुढं-मागं सरकू नये म्हणून लिंक रॉड आणि डावी-उजवीकडे सरकू नये म्हणून आडवा पॅनहार्ड रॉड द्यावाच लागतो. हा पॅनहार्ड रॉड पुढच्या बाजूला ड्रॅग लिंकशी शक्य तितका समांतर आणि जवळपास तेवढ्याच लांबीचा हवा. नाहीतर प्रत्येक खड्ड्याला स्टीअरिंग आपोआप वळतं. घरच्या बांधकामात कॉइलचं काम अनुभवी माणसाशिवाय करू नये, पाट्यांची चूक मात्र एकवेळ सुधारता येते.

स्टीअरिंग थरथरतंय?

गाडी उचलली की स्टीअरिंग बॉक्सकडून चाकाकडे जाणारा ड्रॅग लिंक तिरका होतो. मिस्त्री बहुतेकदा खाली झुकलेला पिटमन आर्म बसवतात. त्यापेक्षा नकलवरचा आर्म उंच घेणं चांगलं, कारण रॉड दगडापासूनही वाचतो. मात्र स्टीअरिंगचा कुठलाही भाग, नकल, आर्म, ड्रॅग लिंक, तापवून वाकवू नये आणि कापून वेल्डही करू नये. इथं टाका सुटला तर पुढं दरी आहे की पोरं, हे चालवणाऱ्याच्या हातात राहत नाही.

चाळीस-पन्नासच्या वेगात खड्डा लागला आणि पुढची दोन्ही चाकं जोरजोरात डावी-उजवी थरथरायला लागली, स्टीअरिंग हातात राहिना, तर तो सलग एक्सलचा जुना आजार आहे. ब्रेक न ठोकता हळू करून थांबावं. अनेकजण लगेच स्टीअरिंग डॅम्पर बसवतात. त्याने थरथर झाकली जाते, जात नाही. आधी किंगपिनच्या बेअरिंगचा प्ले, टाय रॉडचे बॉल जॉइंट, पाट्यांचे बुश, पॅनहार्डचे बोल्ट, कॅस्टर आणि टायरचं बॅलन्सिंग तपासावं. बहुतेक वेळा दोन-तीन गोष्टी थोड्या थोड्या ढिल्या असतात.

मोठं टायर, मोठा हिशोब

२८ इंचाचं टायर काढून ३१ इंचाचं घातलं तर गाडी तीन इंच उंच होते, असा समज आहे. एक्सलखाली जागा दीड इंचच वाढते. उलट गिअरिंग ढिलं पडतं. क्राऊन-पिनियन ५.३८ चा असेल तर मोठ्या टायरने तो ४.८६ असल्यासारखा वागतो. चढावर क्लच जळतो आणि काटा ५० दाखवतो तेव्हा गाडी ५५ ने पळत असते. ब्रेकलाही तेवढंच जास्त काम पडतं.

उंचीचा खरा धोका मात्र आडवं होण्याचा. धरूया, चाकांमधलं अंतर १.२४ मीटर आणि गाडीचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ६५ सेंटिमीटरवर आहे. कागदावर ही गाडी सुमारे ४३ अंशांच्या आडव्या उतारावर पलटायला येते. तीच गाडी १५ सेंटिमीटर उचलली की हा कोन ३८ च्या खाली येतो. प्रत्यक्षात स्प्रिंग दबते, टायर दबते, टपावर माणसं बसलेली असतात, आणि एखादा दगड मध्ये येतो. मग खरा कोन यापेक्षा बराच कमी उरतो. शेताच्या बांधावरून आडवं जाणं हे चिखलातून सरळ जाण्यापेक्षा कितीतरी जास्त धोक्याचं आहे. चांगला रोल केज आणि सीट बेल्ट हा खर्चाच्या यादीतला पहिला आकडा असावा, लाईट बारच्या आधीचा.

लॉक, वेल्डिंग, ब्रेक

ट्रॅक्टरच्या डिफरन्शल लॉकचं पेडल ज्याने चिखलात दाबलंय त्याला वेगळं सांगायला नको. एक चाक फिरत राहतं आणि दुसरं गप्प बसतं, ते लॉकने थांबतं. जीपमध्ये स्वस्तात तेच साधायला काहीजण डिफरन्शलच्या आतले गिअर वेल्ड करून टाकतात. मग दोन्ही चाकं कायम एकत्र फिरतात, डांबरावर वळताना टायर घासतात, शाफ्ट पिळवटतात, आणि ओल्या घाटात गाडी वळणावर सरळ निघून जाते. ज्या गाडीला कधीही रस्ता लागणार आहे तिच्यात हे करू नये.

हाऊसिंगवर वेल्डिंग करताना एका दमात लांब टाका मारला की नळी वाकते आणि शाफ्टचे सील गळायला लागतात. छोटे टाके, बाजू बदलत, मध्ये गार होऊ देत. रॉड ७०१८ जातीचा आणि कोरडा हवा, पावसात दमट झालेला नको. मधला गोळा बिडाचा असेल तर त्यावर साधा टाका धरत नाही, आधी तापवावा लागतो. हे काम बीड जाणणाऱ्याकडेच द्यावं, आणि असे लोक कोल्हापुरात भरपूर आहेत.

ब्रेकचे रबरी होज मूळ लांबीचेच राहिले तर चाक पूर्ण खाली लटकल्यावर ते ताणले जातात आणि ऐन उतारावर तुटतात. तीच गोष्ट एक्सलच्या ब्रीदरची. ओढ्यात गरम एक्सल गार पाण्यात बुडला की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून पाणी ओढलं जातं. ऑइल दुधासारखं पांढरं दिसलं तर समजावं, बदलायची वेळ झाली. ब्रीदरला नळी जोडून ती बोनेटच्या उंचीपर्यंत न्यावी. पुराच्या पाण्यात घालायची ही परवानगी मात्र नव्हे.

अडकलेली गाडी ट्रॅक्टरला साखळी लावून झटक्याने ओढण्याची पद्धत बंद व्हायला हवी. तुटलेली साखळी किंवा उखडलेला हुक माणसाच्या डोक्यात बसतो. चॅसिसला नटबोल्टने पक्के केलेले हुक, चांगला पट्टा, सावकाश ओढणं आणि बघ्यांना लांब उभं करणं, एवढं तरी पाळावं.

कुठं चालवू नये

राधानगरी-दाजीपूर हे अभयारण्य आहे. तिथं परवानगीशिवाय गाडी घालणं वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली गुन्हा आहे. राखीव जंगलातल्या पायवाटाही तशाच. पश्चिमेच्या तालुक्यांतले सडे रिकामे दिसतात, पण खडकावरची माती बोटभर जाडीची असते आणि पावसाळ्यात त्यावरच फुलं येतात, गुरं चरतात. एका गाडीची चाकोरी तिथं वर्षानुवर्षं राहते. स्वतःचं रान, किंवा मालकाने राजीखुशीने दिलेलं रान, हीच सोयीची जागा.

पहिली फेरी

गाडी तयार झाली की लगेच घाटात नेऊ नये. आधी चॅसिसला जॅक लावून चारही चाकं लटकवावीत आणि प्रत्येक होज, वायर, शाफ्टला किती ढील उरते ते बघावं. मग एक पुढचं चाक फळ्यांच्या थरावर किंवा बांधावर चढवून पूर्ण दाबून बघावं : टायर मडगार्डला, शाफ्ट चॅसिसला, शॉकअप स्वतःच्याच टोकाला आपटतोय का. आपटत असेल तर रबरी बंप स्टॉप लावावा. रिकाम्या रानात दहा, वीस, तीस अशा वेगाने ब्रेक मारून गाडी एका बाजूला ओढते का तपासावं. पहिल्या पन्नास किलोमीटरनंतर यू-बोल्ट पुन्हा आवळावेत. नवे पाटे बसतात, यू-बोल्ट ढिले होतात आणि मधला सेंटर बोल्ट तुटला की एक्सल जागेवरून सरकतो. त्यानंतर प्रत्येक चिखलफेरीनंतर नकल, शॅकल आणि क्रॉसमध्ये नवीन ग्रीस भरावं, जुनं बाहेर येईपर्यंत.